मुक्त ऑनलाइन अभ्यासक्रम आणि काव्याचे अध्यापन

विनामूल्य, प्रवेशाची अट नसलेले आणि एकाच वेळी सहस्रावधी विद्यार्थ्यांना सामावून घेणारे ऑनलाइन अभ्यासक्रम हे उच्चशिक्षणाच्या लोकशाहीकरणाचे साधन मानले जातात. काव्याध्यापनाच्या संदर्भात हा दावा तपासणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२०११ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील सेबास्टियन थ्रुन व पीटर नॉर्विग यांच्या कृत्रिम बुद्धिमत्तेवरील अभ्यासक्रमासाठी सुमारे १,६०,००० जणांनी नोंदणी केली. तो पूर्ण करणारे २०,००० च्या आसपास होते. या दोन आकड्यांतील अंतर हा अशा अभ्यासक्रमांवरील प्रमुख आक्षेप होय. तथापि ग्रंथालयातून नेलेला ग्रंथ अर्धा वाचून परत करणाऱ्यास आपण अनुत्तीर्ण ठरवीत नाही, हेही ध्यानात घ्यावयास हवे.

काव्याच्या बाबतीत प्रश्न अधिक बिकट आहे, कारण येथे एकच एक उत्तर नसते. या दृष्टीने पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील अल फिलराइस यांनी २०१२ मध्ये कोर्सेरावर सुरू केलेला आधुनिक व समकालीन अमेरिकन कवितेचा अभ्यासक्रम लक्षणीय ठरतो. पहिल्याच वर्षी त्याची नोंदणी ३०,००० च्या वर गेली. त्यात व्याख्याने नाहीत. अध्यापक आणि मोजके विद्यार्थी एकत्र बसून एकेक कविता बारकाईने वाचतात आणि ती चर्चा चित्रित केली जाते. अर्थ कसा घडत जातो, हे दूरस्थ विद्यार्थ्याला प्रत्यक्ष पाहता येते. मात्र त्याच्या स्वतःच्या वाचनातील चूक त्या क्षणी कोणी अडवीत नाही. निबंधांचे परीक्षण सहाध्यायी करतात. त्यामुळे लेखनाला वाचक लाभतो, परंतु जाणकार वाचक लाभेलच असे नाही.

हा प्रश्न आता आपल्या विभागांपुढेही आहे. 'स्वयम्' २०१७ मध्ये सुरू झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनी एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम त्याद्वारे पूर्ण करण्याची मुभा दिली. एकाच अध्यापकावर सर्व अभ्यासपत्रिकांचा भार असलेल्या ग्रामीण महाविद्यालयाला ही सोय उपकारक ठरू शकते. परंतु तीच सोय रिक्त पद न भरण्याचे निमित्तही ठरू शकते. २०१३ मध्ये सॅन होजे स्टेट विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाने हार्वर्डच्या मायकेल सँडेल यांचा ध्वनिचित्रित अभ्यासक्रम वापरण्यास खुल्या पत्राद्वारे नकार दिला, तो याच भीतीपोटी.

तात्पर्य, संहितेची पार्श्वभूमी, वाङ्मयेतिहास, छंदांची ओळख आणि मान्यवर अभ्यासकांचे विवेचन यांचा प्रसार ऑनलाइन अभ्यासक्रमाने अवश्य करावा. विद्यार्थ्याच्या वाचनाला प्रतिप्रश्न करणे मात्र वर्गातील अध्यापकाकडेच राहावे. मराठी विभागांनी असे अभ्यासक्रम रचताना वा स्वीकारताना लहान चर्चागटाची तरतूद ही पूर्वअट मानावी. अन्यथा कविता अनेकांपर्यंत पोहोचेल. ती वाचण्याची शिस्त पोहोचणार नाही.