बोट परत आली नाही, तर पहिला फोन कुणाला?



१ ऑगस्टला मासेमारीबंदी उठते आणि आपल्या घरची माणसं पुन्हा समुद्रावर जातात. मागच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "बोट मालकाची, मग खबर आपण कशाला द्यायची?" या महिन्याचा धडा त्यावरच.

खबर आपणही द्यायची. बोट ठरलेल्या वेळी आली नाही, फोन लागेना, तर 'येतील उद्या' म्हणून थांबू नका.

फोन कुठे करायचा?
• तटरक्षक दल : १५५४
• सागरी पोलीस : १०९३
• कोणतीही आपत्ती : ११२

बोटीचं नाव व नोंदणी क्रमांक, किती माणसं, कधी निघाली, शेवटचं बोलणं कधी झालं, हे सांगायचं. म्हणून हा कागद आजच लिहून घरात ठेवा.

फोन झाला की पोलीस ठाण्यात लेखी खबर द्या. नोंदीचा क्रमांक आणि तारीख लिहून घ्या. मच्छीमार संस्था आणि मत्स्यव्यवसाय कार्यालयालाही कळवा.

चौकशी कशाची होते?
चौकशी दोन प्रकारची असते. चूक कुणाची, हे पोलीस बघतात. अपघात का झाला आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं, हे दुसरी चौकशी बघते. मोठ्या जहाजांसाठी असा आंतरराष्ट्रीय नियमच २०१० पासून लागू आहे.

१८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली. १५ जीव गेले. तेव्हा नौदलाने आपली चौकशी लावलीच, पण पोलिसांत गुन्हा दाखल झाला तो वाचलेल्या एका प्रवाशाच्या तक्रारीवरून. म्हणजे साध्या माणसाच्या तक्रारीलाही वजन असतं.

कागद का जपायचे?
प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत मच्छीमारांचा अपघात विमा आहे. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख, कायमचं अंशतः अपंगत्व आल्यास २.५ लाख, दवाखान्यासाठी २५ हजारांपर्यंत. हप्ता सरकार भरतं, पण नाव नोंदलेलं हवं. दाव्याच्या वेळी पोलीस नोंद, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, मृत्यूचा दाखला हे कागद मागतात. दुःखात शवविच्छेदनाला नको म्हणावंसं वाटतं, ते मी समजू शकते. पण नंतर तो अहवाल कुठून आणणार?

माणूस सापडलाच नाही, तर ७ वर्षं काहीच खबर नसल्यावर कायदा तो मृत झाला असं धरू शकतो. पहिल्याच दिवशीची पोलीस नोंद असेल, तर तो कधीपासून बेपत्ता आहे हे दाखवता येतं. नोंदच नसेल तर त्या बाईनं काय दाखवायचं?

पुढच्या बैठकीचं काम : प्रत्येकीने घरच्या माणसाचं नाव विम्यात आहे का, ते संस्थेत विचारून यायचं. सचिवताईंनी वहीत लिहायचं. वर दिलेले तीन नंबर दाराच्या मागे खडूने लिहा. ते कधी लागू नयेत हीच इच्छा.

तुमची,
क्षेत्र समन्वयक