दाराचं तोंड कुणीकडे?

चि. बाळ,


थायलंडमधल्या फिमाय तालुक्यात सहा महिने राहून तू अभ्यास करणार, असं तुझ्या आईने कळवलं. फार बरं वाटलं. निवृत्तीनंतर मी तिथे दोन दिवस राहून आलोय, आणि त्याआधी तीस वर्षं महसूल खात्यात घासलीत. त्या बळावर चार शब्द लिहितो.

पहिल्या दिवशी तिथलं जुनं दगडी मंदिर बघशीलच. पण नक्षीकामाआधी त्याचं तोंड बघ. ख्मेर मंदिरं सहसा पूर्वेकडे बघतात. हे मात्र दक्षिणेकडे, किंचित आग्नेयेला वळलेलं आहे. त्या बाजूला अंगकोर, म्हणजे ख्मेर राजांची तेव्हाची राजधानी. तिथून फिमायपर्यंतच्या रस्त्यावर १७ धर्मशाळा होत्या, अशी नोंद सातव्या जयवर्मनच्या शिलालेखात आहे. पुढे सत्ता अयुथ्या या थाई राजधानीकडे गेली. १७६७ मध्ये बर्मी फौजेने अयुथ्या उद्ध्वस्त केली, तेव्हा एका राजपुत्राने फिमायलाच आपली गादी मांडली. वर्षभरात नवा राजा ताकसिन याने ती मोडून काढली. १८९२ पासून गृहमंत्री राजपुत्र दामरोंग यांनी बँकॉकहून कारभाराची घडी बसवली, आणि कचेऱ्यांची तोंडं तिकडे वळली.

म्हणून प्रत्येक दाराशी एकच विचार: याचं तोंड कुणीकडे? त्यांचा ‘अम्फो’ म्हणजे आपला तालुका. त्याचा प्रमुख ‘नाय अम्फो’ गृहखात्याने नेमलेला, त्याचं तोंड बँकॉककडे. खाली १२ ‘तम्बोन’ आणि त्यांतली गावं. १९९४ च्या कायद्यानंतर आलेल्या तम्बोनच्या संस्थेला लोक ‘ओबोतो’ म्हणतात. ती मतदारांनी निवडलेली, तिचं तोंड मतदारांकडे. खरी गंमत ‘फू याय बान’ची, म्हणजे गावातल्या मोठ्याची. त्याला गाव निवडून देतं, मानधन सरकार देतं, आणि साठीपर्यंत तो पदावर राहू शकतो. आपला सरपंच आणि पोलीस पाटील एकाच खुर्चीत बसवले तर जे होईल, ते हे. त्याच्या घराला दोन दारं आहेत असं समज. कागद अम्फोच्या कचेरीत मिळतील, पण त्यांचा अर्थ त्याच्या ओसरीवर लागेल.

कागदांवरून आठवलं. तिथलं साल इसवी सनापेक्षा ५४३ ने पुढे असतं. शकात ७८ मिळवायची सवय तुला आहेच, इथे वजाबाकी कर. मात्र १९४० पर्यंत त्यांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होई, तेव्हा जुन्या कागदावर जानेवारी ते मार्चची तारीख असेल तर ५४२ च वजा कर. या एका वर्षाच्या चुकीने चांगल्या चांगल्यांचे प्रबंध लंगडे झालेत.

जमीनही वाच. फिमाय ज्यावर वसलंय त्या खोरात पठाराच्या पोटात मिठाचे थर आहेत. उन्हाळ्यात काही शेतं पांढरी पडतात. भाताचा भरवसा बहुतेक पावसावर. तिथली मून नदी मात्र कुठल्याच राजधानीकडे बघत नाही, सरळ पूर्वेला मेकाँगकडे जाते. थायलंडचा हा सगळा ईशान्य भाग लाओ बोलतो असंही धरून चालू नकोस. इथे बऱ्याच घरांत खोरातची बोली ऐकशील, ती मध्य थाईला जवळची आहे.

सम्रित तम्बोनात गेलीस की ‘या मो’ची, म्हणजे मो आजीची गोष्ट ऐकशील. लाओ राजा अनुवोंगच्या फौजेशी १८२७ च्या सुमारास लढलेली ही बाई लोकांचं दैवत आहे. अभ्यासक तिच्याबद्दल वाद घालतात. तू ओसरीवर बसून वाद घालू नकोस. गोष्ट टिपून घे, तपास नंतर कर.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी नकाशा घेऊन चावडी टाळून थेट बांधावर गेलो होतो. एका म्हातारीने नकाशाकडे ढुंकूनही न बघता विचारलं, “कुणाचा रं तू?” मला उत्तर देता येईना. फिमायला लोक भेटले की ‘पाय नाय?’ म्हणतात, म्हणजे ‘कुठे निघालीस?’. रिवाजाचा प्रश्न आहे, हसून पुढे गेलीस तरी चालेल. पण रात्री वही उघडलीस की त्याचं खरं उत्तर एका ओळीत लिहीत जा.

प्रकृतीस जप. डासांची जाळी ने.

तुझा,
मामा