कासीस, तुरटी, तुत्थ : सूत्रलेखनातील प्रभार व पाणी

पुरवठादाराच्या तपासणीपत्रावरील रासायनिक सूत्र आपण वैद्य व औषधनिर्माते बहुधा न वाचताच फायलीत लावतो. रसद्रव्यांच्या बाबतीत ही सवय महागात पडू शकते. म्हणून सूत्रलेखनाची रीत आपल्याच फडताळातील द्रव्यांवरून येथे पाहू.

आयनिक संयुगात धनायन व ऋणायन यांच्या प्रभारांची बेरीज शून्य व्हावी लागते. सारे नियम यातूनच निघतात. धनायन आधी लिहावा, ऋणायन नंतर. सैंधवात सोडियम +१ व क्लोराइड −१, म्हणून प्रमाण १:१.

कासिसात थोडे थांबावे लागते, कारण लोहाचा प्रभार +२ किंवा +३ असतो. सल्फेट −२ आहे. फेरस लोहाशी तिरकस गुणाकार केल्यास २:२ येते. ते संक्षेपाने १:१ लिहावे. फेरिक लोहाशी मात्र लोह २, सल्फेट ३ असे प्रमाण येते. तेथे सल्फेट कंसात घालून ३ हा अंक कंसाबाहेर, खाली लिहावा. कंस गाळल्यास ऑक्सिजनचा ४ व बाहेरचा ३ मिळून ४३ वाचले जातात! हिरवे कासीस दमट हवेत उघडे राहिले की पिवळट-तपकिरी होते, ते लोहाचा काही भाग +३ झाल्यामुळे. बिलावर नुसते ‘आयर्न सल्फेट’ असल्यास कोणते, हे विचारलेच पाहिजे.

तुरटीत धनायन दोन : पोटॅशियम +१ व ॲल्युमिनियम +३, मिळून +४, म्हणून सल्फेट दोन. त्यापुढे बिंदू देऊन पाण्याचे १२ रेणू लिहितात. हे स्फटिकजल प्रभाराच्या हिशेबात येत नाही, वजनात मात्र येते. तुरटीच्या वजनाचा सुमारे ४५.५ टक्के भाग पाणीच असतो. पूर्ण लाही झाल्यास १०० ग्रॅमचे सुमारे ५४.५ ग्रॅमच उरतात.

तुत्थाबाबत हा हिशेब अधिक गंभीर आहे. निळ्या खड्यात ताम्र +२, सल्फेट −२ आणि पाण्याचे ५ रेणू असतात. त्यात ताम्र सुमारे २५.५ टक्के भरते. तीव्र उष्णतेने पाणी पूर्ण जाऊन तो पांढरा झाला की तेच प्रमाण जवळजवळ ४० टक्के होते. म्हणजे वजन तेच ठेवले, तरी रुग्णाच्या पोटात दीडपटीहून अधिक ताम्र जाते. पांढऱ्या तुत्थाच्या बरणीवर ५ पाण्यांचे सूत्र चिकटवलेले आम्ही पाहिले आहे. ते सूत्र निळ्या खड्याचे आहे, बरणीतील द्रव्याचे नव्हे.