जुन्या मोटारगाडीच्या दाराच्या झिजलेल्या बिजागऱ्या

शेतमाल बाजारास नेण्यासाठीं बाळगलेली जुनी जीप, टेंपो किंवा मालमोटार यंत्रानें धडधाकट असली तरी तिचें दार बहुधा आधीं लोंबूं लागतें. प्रथम तें उचलून लावावें लागतें, मग आपटावें लागतें आणि शेवटीं दोरीनें बांधण्याची पाळी येते. अशा दाराशीं टेकून मजूर बसतात. वळणावर दार उघडल्यास माणूस रस्त्यावर फेंकला जातो. आणि दोरीनें जखडलेलें दार अपघाताच्या वेळीं आंतल्या माणसास बाहेर पडूं देत नाहीं. म्हणून हें काम शोभेचें नसून जीविताच्या रक्षणाचें आहे. जुन्या गाड्यांचे सुटे भागहि नेहमीं मिळत नाहींत. अँबॅसेडर गाडीचें उत्पादन तर २०१४ सालींच थांबलें. यास्तव आहे तीच बिजागरी दुरुस्त करण्याची रीत शेतकरी बंधूंनीं समजून घ्यावी.

दार कां लोंबतें

दाराचें वजन त्याच्या मध्यावर एकवटलें आहे असें समजावें. समजा, दार २५ किलोचें व ९० सेंटिमीटर रुंद आहे आणि दोन बिजागऱ्यांमधील अंतर ४० सेंटिमीटर आहे. वजन बिजागरीपासून ४५ सेंटिमीटरांवर असल्यामुळें वरची बिजागरी सुमारें २८ किलोच्या जोरानें खांबापासून ओढली जाते व खालची तितक्याच जोरानें खांबावर दाबली जाते. कोणी गाडींत चढतांना दाराच्या टोकास धरून ३० किलो भार टाकला, तर ही ओढ आणखी ६७ किलोंनीं वाढते. दाराला लोंबकळून चढण्याची संवय बिजागरीस किती घातक आहे, हें यावरून ध्यानांत येईल.

याच हिशेबानें बिजागऱ्यांत मिळून एक मिलिमीटर झीज झाली म्हणजे कुलपाकडील टोंक सव्वादोन मिलिमीटर खालीं येतें. थोडी झीज मोठा दोष कां दाखविते, त्याचें कारण हेंच होय.

दोषाची परीक्षा

दार अर्धें उघडून कुलपाकडील टोंक हातानें वर उचलावें व दुसऱ्या माणसास बिजागऱ्यांकडे पाहावयास सांगावें. खीळ भोंकांत हालत असेल तर झीज खिळीची किंवा भोंकाची आहे. बिजागरीचें पान खांबावर सरकत असेल तर बोल्ट ढिले आहेत. खांबाचा पत्राच आंतबाहेर होत असेल तर तो गंजला किंवा तडकला आहे. तेथें नवी खीळ घालून उपयोग नाहीं, प्रथम खांब पत्रा घालून सांधून घेतला पाहिजे.

कित्येक कारागीर खांबावरील कुलपाची पकड खालीं सरकवून लोंबलेलें दार लावून देतात. त्यानें रोग झांकतो, बरा होत नाहीं. पुष्कळ गाड्यांच्या कुलपास दोन टप्पे असतात. दार तिरपें असल्यास पहिलाच टप्पा लागतो आणि धक्क्यासरशीं तो सुटण्याचें भय असतें.

कृति

आदल्या रात्रीं खिळींवर पातळ तेल सोडावें. दारांत विजेची तार असल्यास किंवा सांधकाम करावयाचें असल्यास बॅटरीची तार काढून ठेवावी. बिजागरीच्या पानांभोंवतीं रेघ ओढून मूळ जागेची खूण करावी. मग जॅकवर लांकडी फळी व गोणपाट ठेवून दाराखालीं आधार द्यावा आणि एका माणसानें दार धरून राहावें.

एका वेळीं एकच बिजागरी हातीं घ्यावी. खिळीचें डोकें कोठें आहे तें पाहून विरुद्ध बाजूनें, खिळीहून किंचित् बारीक पंचानें ठोकून ती काढावी. अडली म्हणून ज्योतीनें तापवूं नये. जवळच रंग, गादी व इंधन असतें.

निघालेल्या खिळीची जाडी न झिजलेल्या टोंकाशीं व झिजलेल्या भागीं मोजावी. खीळच झिजली असेल व भोंक गोल असेल, तर त्याच मापाची नवी पोलादी खीळ लेथवर करवून घ्यावी. भोंक लांबट झालें असेल तर दोन उपाय आहेत. उदाहरणार्थ, मूळ खीळ ८ मिलिमीटरची असून भोंक साडेआठापर्यंत झिजलें असेल, तर दोन्ही पानें जुळवून रीमरनें ९ मिलिमीटरचें भोंक करावें व त्या मापाची खीळ घालावी. अथवा फिरणाऱ्या पानाचें भोंक १० मिलिमीटर करून त्यांत ८ मिलिमीटर पोकळीचा गनमेटलचा बुश दाबून बसवावा. दुसरी रीत अधिक चांगली; कारण पुढील झीज मऊ बुशाची होते आणि तो थोड्या खर्चांत बदलतां येतो. भोंक गोल कानशीनें वाढवूं नये. तें पुन्हां वांकडें होतें. भोंकाभोंवतींची धातु फार पातळ उरत असेल तर मात्र बिजागरीच बदलावी.

नवी खीळ स्थिर पानांत घट्ट बसावी आणि फिरणाऱ्या पानांत हाताच्या दाबानें जावी, पण खडखडूं नये. तेल लावून जोडणी करावी, बोल्ट हलके आवळावे, दाराभोंवतींची फट चोहोंकडे सारखी करून मग ते पक्के करावे. पूर्वीं कोणी पकड खालीं सरकविली असल्यास ती मूळ जागीं आणावी. लावतांना दार वर किंवा खालीं न सरकतां सरळ आंत गेलें, तर काम साधलें असें जाणावें. रबरी पट्टींत कागदाचा तुकडा धरून दार लावावें व तो ओढून पाहावा. सर्व बाजूंनीं सारखा अडकला पाहिजे.

निगा

दर महिन्यास धूळ पुसून बिजागरींत तेलाचे थेंब सोडावे. रासायनिक खताची पोतीं वाहिल्यावर दाराचा तळ धुवावा, कारण खताच्या क्षारानें गंज लवकर चढतो. दाराच्या तळाचीं पाणी निघून जाण्याचीं भोंकें पावसाळ्यापूर्वीं मोकळीं करावीं. बैलगाडीच्या आंसास वंगण घालण्यास जो शेतकरी कधीं विसरत नाहीं, त्यानें मोटारीच्या दारास हे चार थेंब दिल्यास दोरीचें काम उरणार नाहीं, आणि शेजारीं बसलेला माणूस निर्धास्तपणें बाजारास पोंचेल.