टेपवर किती मावते?

सुटीत मी एका कार्यालयाच्या संगणक विभागात उमेदवारी केली. सर्व्हरवर ४ टेराबाइट माहिती होती. एलटीओ-६ टेपच्या वेष्टनावरील ६.२५ टेराबाइट हा आकडा पाहून मी एकच टेप लावून घरी गेलो. सकाळी पाहतो तो बॅकअप अर्धवट. यंत्र दुसरी टेप मागत थांबलेले!

या टेपची मूळ क्षमता २.५ टेराबाइटच. लिहिताना यंत्र माहितीतील पुनरुक्ती गाळते. त्यामुळे अडीचपट मावेल असे गृहीत धरून मोठा आकडा छापतात. पण पोत्यात कापूस दाबून भरता येतो, विटा नाही. मजकूर आणि हिशेबाच्या नोंदी म्हणजे कापूस. जेपीईजी छायाचित्रे, झिप फायली आणि आधीच कूटबद्ध केलेली माहिती म्हणजे विटा.

आमच्याकडे ३ टेराबाइट छायाचित्रेच होती. उरलेला १ टेराबाइट मजकूर निम्मा झाला असे धरले, तरी बेरीज ३.५. म्हणजे दोन टेप हव्यात.

आता मी आधी विटा मोजतो. मजकूर किती आटतो ते मागील बॅकअपच्या नोंदीवरून काढतो : पाठविलेली माहिती भागिले टेपवर लिहिलेली. नोंद नसेल, तर मूळ क्षमताच धरावी. टेप जास्त झाली तर पुढे उपयोगी पडते. त्या रात्री सर्व्हर बिघडला असता, तर राहिलेली माहिती कोठून आणणार होतो?