बांबूचं बेट

वाचण्याआधी : तुमच्या घरात बांबूची एखादी वस्तू आहे का? शोधा. तिला मराठीत काय म्हणतात ते आईला किंवा आजीला विचारा.

अबू धाबीतलं यास बेट तुम्हाला माहीत असेल. सादियात हेही बेटच. बेट म्हणजे चारी बाजूंनी पाणी असलेली जमीन. पण मराठीत बांबूचंही बेट असतं! भोवती समुद्र नाही, मग बेट का?

कोकणात माणगा आणि विदर्भात मानवेल या जातींचा बांबू वाढतो. त्याचे नवे कोंब जुन्या बांबूला चिकटूनच उगवतात. पुष्कळ काठ्या एकत्र उभ्या राहतात आणि भोवती मोकळी जमीन असते. लांबून पाहिलं, तर शेतात हिरवं बेटच दिसतं.

सगळेच बांबू असे एका जागी राहत नाहीत. जपानमध्ये मादाके नावाचा बांबू आहे. त्याचं खोड जमिनीखालून आडवं पळतं आणि जागोजागी कोंब वर काढतं. तुम्ही स्वयंपाकघरात आलं पाहिलंय ना? तेही मूळ नाही, जमिनीखालचं खोडच आहे. मादाके असा पळत पळत शेजारच्या बागेतही जातो! त्याचं बेट होत नाही, रान होतं. तो बर्फाची थंडी सोसतो. दुबईच्या ४५ अंशांच्या कोरड्या उन्हात मात्र त्याचे हाल होतील.

मादाके मजबूत आणि लवचिक असतो. जपानी लोक त्याच्या टोपल्या विणतात आणि शाकुहाची नावाचा पावा बनवतात. १८८० च्या दशकात एडिसनने क्योतोजवळच्या बांबूचा धागा जाळून त्याचा कोळसा केला आणि तो विजेच्या दिव्यात बसवला. तो दिवा १००० तासांहून जास्त चालला.

आपल्याकडे बांबूच्या वस्तू बुरूड लोक विणतात. धान्य पाखडायला सूप, तांदूळ धुवायला रोवळी, फुलांसाठी परडी. अमिरातीत बांबूची रानं नाहीत, खजूर आहे. म्हणून इथले लोक पूर्वी खजुराच्या झावळ्यांची घरं बांधत. त्यांना अरीश म्हणतात. जवळ जे उगवतं, तेच हाताला मिळतं.

पण जवळ उगवलेलं तोडायची परवानगीही हवी. बांबू हे खरं तर गवत आहे. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात मात्र तो झाडांमध्ये मोजला होता. त्यामुळे गावाशेजारच्या जंगलातला बांबू गावकऱ्यांना स्वतः विकता येत नसे. २००६ च्या वनहक्क कायद्याने हा हक्क गावांना दिला. तरी बांबू बाहेर न्यायला परवाना लागे आणि तो वनखात्याच्या हातात होता. गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा (लेखा) हे छोटं गाव त्यासाठी झगडलं. एप्रिल २०११ मध्ये तिथल्या ग्रामसभेच्या हाती परवान्यांचं पुस्तक आलं. गाव आपला बांबू स्वतः विकू लागलं. पुढे २०१७ मध्ये कायदा बदलला. आता जंगलाबाहेरचा, म्हणजे शेतातला बांबू, कायद्याने झाड नाही.

पाडव्याला तुमच्या गॅलरीत गुढी उभी राहील, तेव्हा तिची काठी हातात घेऊन नीट बघा. ती बांबूची असेल, तर तिच्यावर गाठी दिसतील. दोन गाठींमधल्या भागाला पेर म्हणतात. उसालाही पेरं असतात, कारण ऊससुद्धा गवतच आहे.

शब्दार्थ
कोंब – जमिनीतून वर येणारा नवा अंकुर
लवचिक – वाकलं तरी न मोडणारं
पाखडणे – सुपात हलवून धान्यातला कचरा काढणे
झावळी – खजुराचं किंवा नारळाचं लांब पान
ग्रामसभा – गावातल्या सगळ्या मोठ्या माणसांची सभा

उत्तरं लिहा
१. माणग्याचं बेट का होतं? मादाकेचं का होत नाही?
२. बांबूला झाड म्हटल्यामुळे गावकऱ्यांची काय अडचण झाली?

बोला : गुढीच्या काठीची पेरं मोजा. किती आहेत ते वर्गात सांगा.