आधी भार, मग नाव

बाळा, संयुगांची नावं घोकत बसू नकोस. आयनांवरचा भार तेवढा तोंडपाठ कर, म्हणजे नावं आणि सूत्रं आपसूक जमतात. सोडिअमवर एक धन, कॅल्शिअमवर दोन, ॲल्युमिनिअमवर तीन. क्लोराइडवर एक ऋण, ऑक्साइडवर दोन. धन-ऋणाची बेरीज शून्य झाली की सूत्र बरोबर. म्हणूनच एका कॅल्शिअमला दोन क्लोराइड लागतात. नावात मात्र ‘डाय’ घालायचं नाही, नुसतं कॅल्शिअम क्लोराइड. ‘डाय’ शोभतं ते कार्बन डायऑक्साइडला, तिथे दोन्हीही अधातू.

लोखंड आणि तांबं भार बदलतात, तिथे घाई करू नकोस. दोन भाराचं लोह फेरस, तीनचं फेरिक. शाळेत आठवड्याला मिळणाऱ्या लोहाच्या निळ्या गोळीत फेरस सल्फेट असतं. निळा रंग तिच्या वेष्टनाचा. नावाचं शेपूटही नीट वाच. सल्फाइडमध्ये एकटं गंधक, सल्फाइटमध्ये त्याच्या जोडीला तीन ऑक्सिजन, सल्फेटमध्ये चार. असा गट सूत्रात एकाहून जास्त वेळा आला की कंस हवाच. या कंसापायी हुशार मुलांचेही गुण जातात.

गुणधर्म मात्र डोळ्यांनी बघ. द्राक्षबागेत बोर्डो मिश्रण करतात तेव्हा जवळ उभी राहा. त्यातलं मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. पाण्यात विरघळलं की तांब्याचे आयन सुटे होतात. चुन्याचं पाणी पडलं की ते हायड्रॉक्साइडशी जोडले जातात. मग मिश्रणात लोखंडी पातं बुडवतात. त्यावर तांबूस थर चढला, तर तांबं अजून सुटंच आहे, आणखी चुना हवा. नाहीतर पानं करपतात. तांबं असं लोखंडावर चढतं, म्हणूनच हे मिश्रण लोखंडी पिंपात करत नाहीत.

मिठाच्या कोरड्या खड्यातून वीज जात नाही, कारण आयन जागच्या जागी जखडलेले. पाण्यात विरघळव, किंवा ८०१ अंश सेल्सिअसला वितळव, की वाहते. खड्यावर हातोडी मारलीस तर थर सरकून सारखे भार समोरासमोर येतात, एकमेकांना ढकलतात आणि खडा फुटतो.

प्रयोगशाळेत मोरचूद तापवशील तेव्हा परीक्षानळीचं तोंड किंचित खाली झुकलेलं ठेव. स्फटिकातलं पाणी वाफ होऊन तोंडाशी थेंब धरतं. ते तापल्या तळाकडे ओघळलं तर काच तडकते. पूड पांढरी झाली की नळी निवू दे, मग थेंबभर पाणी टाक. पुन्हा निळी होईल. चव मात्र चुकूनही घ्यायची नाही, मोरचूद विषारी आहे.